शंभर नावं

बावीस वर्षांनी मनीषा हळर्णकरचा फोन आला.
आईचे गुडघे कसे आहेत, तिनं विचारलं.
आई जाऊन सहा वर्षं झाली.
पहिली खूण तीच होती, पण आवाज शाळेतलाच,
मधल्या सुट्टीत चिंचा मागतानाचा,
म्हणून मी म्हटलं, बरे आहेत.

कामाचं नाव तिनं सांगितलं नाही.
"फोनवर नको गो, रात्री नऊला लिंक पाठवते.
नवऱ्याला आत्ताच काही बोलू नकोस."
मी भांडी तशीच ठेवली
आणि वही घेऊन बसले, सवयीनं.

पडद्यावर सत्तावीस चौकोन.
मधल्यात कोट घातलेला मुलगा, पंचविशीचा,
मागे समुद्र. आमचा नव्हे.
आमचा समुद्र इतका निळा कुणासाठी होत नाही.
त्यानं लाल रिबन बांधलेली गाडी दाखवली,
चेक दाखवला, रक्कम ठळक, तारीख अंगठ्याखाली.
बाटलीही दाखवली, शेवाळाचा रस, बत्तीसशे रुपये,
पण बाटलीकडे तो बघत नव्हता,
आमच्याकडे बघत होता.

मी लिहून विचारलं, हा रस पितं कोण?
दोन बदाम आले, एक टाळी,
मग नकारात्मक माणसं गरीब का राहतात
यावर पाच मिनिटं.
पुन्हा लिहायला गेले
तर लिहायची जागाच नव्हती.

शेवटी गृहपाठ: ओळखीची शंभर नावं.
मला काय कठीण? टपालाची एजंट मी,
एकोणीस वर्षं माशेलचा बाजार ते खांडोळ्याचा चढ.
एस्पेरान्सा, दोनशे, नोटांना खवल्यांचा वास.
जुझे पदेर, पाचशे, मुलीच्या नर्सिंगसाठी.
अबोली विकणारी लक्षुमी, शंभर,
उशीर झाला असेल, चुकली कधीच नाही.
सतरावर हात थांबला.
कोण नोटेला कशी घडी घालतं, मला पाठ आहे,
आणि त्या मुलाला नेमकी तीच घडी हवी आहे.

मग समासात गणित मांडलं.
फक्त सहा जण, तो म्हणाला होता, आणि त्यांचे सहा.
सहा, छत्तीस, दोनशे सोळा,
पाचवीतली पोरही करील.
आठव्या ओळीत सोळा लाखांच्या वर गेले.
तेरेखोलपासून पोळ्यापर्यंत सगळा गोवा धरला,
पाळण्यातल्या पोरांसकट,
तरी नवव्या ओळीला माणूस उरत नाही.
आणि सत्तावीस चौकोनांतली
पहिली ओळ आमच्यातल्या कुणाचीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले.
खाटेखाली बाटल्या, चाळीसेक.
दोन रिकाम्या, सासूच्या पायांना काही फरक नाही.
परत घेतात का?
"उघडल्या तर नाही. तीस दिवसांनंतर नाही.
वरच्या पायरीला अजून बाराच घ्यायच्यात."
हातात काचेच्या दोन बांगड्या, बस्स.
मी तिथं बघितलं म्हणून ती चिडली,
"तूसुद्धा कमिशनवरच जगतेस ना?"

हो. शंभराला चार रुपये.
चपलेत खडा जावा तसं ते घरापर्यंत टोचत आलं.
उत्तरं सुचली, पण चढ उतरून झाल्यावर:
एस्पेरान्साला आणखी एस्पेरान्सा आणावी लागत नाही,
पाच वर्षांनी तिचे पैसे तिच्याच हातात पडतात,
माझ्या वहीत कुणाचं नाव
कुणाला खाली ढकलून वर चढत नाही.
परत जाऊन सांगितलं नाही.
तिला हे ठाऊक नसेल असं थोडंच आहे.

कागद फाडायला घेतला तेव्हा दिसलं,
अकरावं नाव मी तिचंच लिहिलं होतं.

रोज पहाटे पाचला तिचं स्टेटस पडतं,
उगवता सूर्य, खाली: विजेते झोपत नाहीत.
मी बघते. बघणाऱ्यांत कदाचित मी एकटीच असेन.
ज्या पहाटे तो सूर्य येणार नाही
त्या दिवशी वसुली राहू दे,
आधी तिचं दार वाजवायचं.